थायरॉइड, लिव्हर आणि अण्णांची फाईल

पोटात उजवीकडे दुखायला लागलं म्हणून सोनोग्राफी केली. शंका खड्यांची होती. खडे निघाले नाहीत, पण रिपोर्टच्या शेवटच्या ओळीत 'फॅटी लिव्हर, ग्रेड २' असं आलं. २०२३ सालचा जुलै महिना, मी तेव्हा चव्वेचाळीस वर्षांची. ज्यांनी सोनोग्राफी लिहून दिली होती त्यांनी रिपोर्टवरून नजर फिरवली आणि म्हणाले, "हे आजकाल सगळ्यांनाच असतं. तेल-तूप कमी करा, चालत जा." दोन मिनिटांत पुढचा पेशंट आत आला.

दुसऱ्या कुणाला एवढं पुरलं असतं. मला पुरलं नाही, कारण आमच्या घरात 'लिव्हर' हा शब्द नुसता ऐकला तरी आई हातातलं काम थांबवते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, २००४ साली गेले. वय अठ्ठावन्न. पोटात पाणी भरायचं, ते दर पंधरा-वीस दिवसांनी जाऊन काढून आणायचं. पाय सुजलेले, डोळे पिवळे, शेवटी शेवटी बोलण्यात भ्रम. निदान होतं लिव्हर सिरॉसिस, म्हणजे व्रणांनी लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं. अण्णा माळकरी होते, आयुष्यात थेंबाला शिवले नाहीत. पण गल्लीत कुजबुज झालीच, "आतून घेत असणार, नाहीतर लिव्हर कसं जाईल?" माझ्या सोयरिकीच्या वेळी बघायला आलेल्या पाहुण्यांनीसुद्धा मामाला बाजूला घेऊन हेच विचारलं होतं. आई कुणाशीच वाद घालायची नाही. माळ मात्र तिनं देव्हाऱ्यात ठेवली ती आजही तिथंच आहे.

त्यामुळे 'सगळ्यांनाच असतं' हे वाक्य घेऊन मी घरी आले, पण झोप लागली नाही.

त्या वर्षात माझं अंगही मला साथ देत नव्हतं. सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत पेढीवर मी हिशेब बघते. हळदीचा हंगाम सुरू झाला की सकाळी सौदे आणि दुपारपासून शेतकऱ्यांच्या पट्ट्या करायच्या, हमाली-तोलाई वजा करून आकडा काढायचा. वीस वर्षं हे काम बोटांवर होतं. त्या हंगामात एकच बेरीज तीनदा करायला लागायची. दुपारी तीनला डोळे मिटायचे. एप्रिलच्या उन्हात सगळी सांगली भाजत असताना मी रात्री पायात मोजे घालून झोपायचे. हातातल्या बांगड्या साबण लावूनही निघेनात. कंगव्यात केसांचा पुंजका. आवाज घोगरा झाला तर हमाल विचारायचे, "अक्का, सर्दी का?" सगळ्याला उत्तर एकच होतं, चाळिशी आली. मीही तेच धरून चालले होते. वजन दोन वर्षांत नऊ किलोनं वाढून चौऱ्याहत्तरवर गेलं होतं, आणि जेवण तर उलट कमी झालं होतं.

ऑगस्टमध्ये मिरजेला पोटविकाराच्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी रिपोर्ट वाचून बाजूला ठेवला आणि माझ्याकडे बघत बसल्या. मग विचारलं, "थंडी जास्त वाजते का? पोट रोज साफ होतं का? पाळीत अंगावरून जास्त जातं का?" मला कळेना लिव्हरचा आणि या सगळ्याचा संबंध काय. मग त्यांनी मला खुर्चीवर गुडघे टेकून, पावलं मागे लोंबत ठेवून उभं राहायला सांगितलं. टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीनं टिचकी मारली. पाऊल मागे झटकलं, पण परत जागेवर यायला सावकाश आलं, एखादं जड दार हळूहळू मिटावं तसं. त्यांनी पुन्हा मारलं, पुन्हा तसंच. "थायरॉइड कधी तपासलंय?" कधीच नव्हतं. तोवर तीन जणांना दाखवून झालं होतं आणि कुणी ती तपासणी लिहून दिली नव्हती. याचं मला आजही वाईट वाटतं, कारण ती तपासणी काही शे रुपयांची असते.

दोन दिवसांनी रिपोर्ट आले. टीएसएच, म्हणजे थायरॉइडला कामाला लावणारा मेंदूकडचा निरोप, १८.६, असायला हवं त्याच्या चौपटीच्याही वर; थायरॉइड कमी पडलं की हा आकडा चढतो. फ्री टी-४, म्हणजे ग्रंथीचं स्वतःचं संप्रेरक, कमी. अँटी-टीपीओ अँटिबॉडी खूप वाढलेल्या, म्हणजे शरीराची संरक्षक यंत्रणाच स्वतःच्या थायरॉइड ग्रंथीवर उठलेली. याला हाशिमोटो म्हणतात, १९१२ साली या जपानी डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला. मला वाटत होतं मिठात आयोडीन कमी पडलं असेल, तसं नव्हतं. बाकी एलडीएल कोलेस्टेरॉल १७२, ट्रायग्लिसराइड २४०, तीन महिन्यांची सरासरी साखर ६.१, आणि लिव्हरची एन्झाइम एएलटी ७२, एएसटी ४८. कावीळ बी आणि सी नव्हती.

डॉक्टर बाई म्हणाल्या, "तुम्ही हिशेबाचं काम करता ना, मग हे तुम्हीच करा." कागदावर सूत्र लिहून दिलं. वय गुणिले एएसटी, भागिले प्लेटलेट गुणिले एएलटीचं वर्गमूळ. प्लेटलेट दोन लाख तीस हजार, ते २३० धरायचे. मी पर्समधला कॅल्क्युलेटर काढला. ४४ गुणिले ४८ म्हणजे २११२. ७२ चं वर्गमूळ ८.४९, त्याला २३० नं गुणलं तर १९५३. भागाकार १.०८ आला. याला फिब-४ म्हणतात. १.३ च्या आत असेल तर लिव्हरमध्ये फार पुढे गेलेले व्रण असण्याची शक्यता कमी. इतकी वर्षं हजारो शेतकऱ्यांचे आकडे काढले, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचा काढला. हात थरथरत होता, पण उत्तर बघून जीवात जीव आला.

मग त्यांनी जे समजावलं ते मी घरी येऊन माझ्या भाषेत उतरवून ठेवलं.

गळ्यातली ग्रंथी मुख्यतः टी-४ बनवते. ते म्हणजे शेतातून आलेली ओली हळद. ओली हळद बाजारात चालत नाही, ती शिजवावी लागते, वाळवावी लागते, पॉलिश करावी लागते. तसं टी-४ मधला आयोडीनचा चारपैकी एक कण काढला की त्याचं टी-३ होतं, आणि खरं काम टी-३ करतं. हे काढण्याचं काम ज्या अवयवांत होतं त्यात लिव्हर मोठं. म्हणजे लिव्हर हा थायरॉइडचा कारखानाही आहे आणि गिऱ्हाईकही.

टी-३ लिव्हरच्या पेशीत जाऊन काय करतं? पेशीत साठलेले चरबीचे थेंब मोडायला लावतं आणि ती चरबी मायटोकॉन्ड्रियाच्या भट्टीत जाळायला लावतं. रक्तातलं एलडीएल आत ओढून घेणारी दारं पेशीवर वाढवतं, कोलेस्टेरॉलचं पित्तात रूपांतर करायला मदत करतं. थोडक्यात, गोदामातली जावक त्याच्या हुकमावर चालते. हुकूम द्यायला टी-३ पुरेसं नसेल तर जावक मंदावते आणि आवक मात्र सुरूच राहते. गोदाम भरत जातं. माझं तेच झालं होतं.

आवक कुठून होते हे ऐकून तर मला धक्काच बसला. फॅटी लिव्हरच्या रुग्णांचा अभ्यास झालाय, त्यात लिव्हरमधल्या चरबीचा साधारण साठ टक्के भाग अंगावरच्या चरबीतून रक्तावाटे आलेला होता, पाव हिस्सा लिव्हरनं स्वतः साखर-पिठातून बनवलेला, आणि ताटातल्या तेल-तुपातून थेट आलेला जेमतेम पंधरा टक्के. मी मात्र महिनाभर तूप सोडलं होतं आणि साखरेचा चहा चालूच होता.

डॉक्टर बाईंनी एक गोष्ट दोनदा सांगितली, ती मीही इथे स्पष्ट लिहिते. प्रत्येक फॅटी लिव्हरच्या मागे थायरॉइड नसतं. बहुतेकांच्या मागे वजन, पोटाचा घेर, साखर आणि इन्सुलिनला शरीर दाद न देणं हेच असतं. माझंही थोडं ते होतंच. पण थायरॉइड कमी असेल आणि ते तसंच राहिलं, तर बाकी कितीही धडपड केली तरी एक पाय दोरीनं बांधून चालल्यासारखं होतं.

मग फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी. तिची मला भीती होती, सुई असेल असं वाटत होतं. काही नव्हतं. तीन तास उपाशी जायचं. उताणं झोपवलं, उजवा हात डोक्याखाली. बरगड्यांच्या मधे गार जेल लावून एक नळीसारखं उपकरण टेकवलं आणि आतून टिचकी मारावी तसा ठोका बसला. असे दहा ठोके. त्या ठोक्याची लहर लिव्हरमधून किती वेगानं जाते ते मशीन मोजतं. लिव्हर कडक असेल तितकी लहर वेगानं पळते. माझा कडकपणा ६.४ किलोपास्कल आला, ८ च्या आत म्हणजे दिलासा. चरबीचा आकडा, ज्याला कॅप म्हणतात, तो ३०१ आला. मशीन ४०० पर्यंतच मोजतं. म्हणजे चरबी भरपूर, व्रण नाहीत. मी खाली उतरले तेव्हा अण्णांचं पोट डोळ्यांपुढे आलं, पाणी भरून ताणलेलं, चकाकणारं. त्यांच्या वेळी कुणी असा ठोका मारून बघितलं असतं तर, असं वाटून तिथंच रडू फुटलं.

कोलेस्टेरॉलची गोळी लगेच दिली नाही. आधी थायरॉइड जागेवर आणू, मग एलडीएल पुन्हा बघू, असं त्या म्हणाल्या. थायरॉइड कमी असताना ती गोळी दिली तर स्नायू दुखण्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असते. थायरॉइडची गोळी ५० मायक्रोग्रॅमपासून सुरू केली, मग ७५.

इथे माझी मोठी चूक झाली. आठ आठवड्यांनी टीएसएच तपासलं तर ९.८. उतरलं होतं, पण डॉक्टरांच्या अपेक्षेइतकं नाही. डोस वाढवायच्या आधी त्यांनी विचारलं, "सकाळी उठल्यापासूनचा क्रम सांगा." मी सांगितलं. सहाला उठते, गोळी घेते, लगेच आईबरोबर चहा, आठला नाश्ता आणि त्याबरोबर कॅल्शियमची गोळी. त्यांनी पेन खाली ठेवलं. ही गोळी उपाशी पोटी, नुसत्या पाण्याबरोबर, आणि नंतर निदान अर्धा-पाऊण तास चहासुद्धा नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्यांत चार तासांचं अंतर, कारण ती या गोळीला पोटातच अडवून ठेवतात. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तपासणीच्या आधी सांगायचं, त्यानं थायरॉइडचे आकडेच चुकीचे येऊ शकतात. डोस तोच ठेवला, फक्त क्रम बदलला. उशाशी पाण्याचा तांब्या आणि डबी ठेवायला लागले, पहाटे पाचला जाग येते तेव्हाच गोळी. कॅल्शियम रात्रीच्या जेवणानंतर. पुढच्या आठ आठवड्यांत टीएसएच ३.१ वर आलं. दुकानातून गोळ्या घेताना मला हे कुणीही सांगितलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी थायरॉइडची गोळी घेत असेल तर आज त्यांना चहाची वेळ विचारा.

मोजे फेब्रुवारीत सुटले. बांगड्या मार्चमध्ये निघाल्या, एका सकाळी भांडी घासताना आपोआप सैल होऊन मनगटावर आल्या. मी आईला हाक मारून दाखवलं.

तेव्हा मला एक मोह झाला. टी-३ चरबी जाळतं, तर गोळी थोडी जास्त घेतली तर लिव्हर लवकर साफ होईल की. पेढीवर एका वहिनींनी तर वजनासाठी कुणीतरी ही गोळी घेतं असंही सांगितलं. डॉक्टर बाईंना विचारलं तशा त्या एकदम गंभीर झाल्या. थायरॉइडचा हुकूम घेणारे दोन प्रकारचे कान शरीरात आहेत, अल्फा आणि बीटा. लिव्हरमध्ये मुख्यतः बीटा, हृदयात आणि हाडांत मुख्यतः अल्फा. गोळी दोघांनाही ओरडून सांगते. गरजेपेक्षा जास्त घेतली तर लिव्हरच्या आधी हृदय धडधडेल, ठोके बिघडतील, हाडं ठिसूळ होतील. मोह तिथंच संपला.

पण त्यांनीच पुढे सांगितलं की नेमक्या याच अडचणीवर औषध निघालंय. फक्त लिव्हरमधल्या बीटा कानाशी बोलणारी गोळी, रेस्मेटिरॉम. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं, एफडीएनं, तिला मान्यता दिली. सूज आणि मध्यम ते पुढच्या टप्प्यातले व्रण असलेल्या, पण सिरॉसिस न झालेल्या फॅटी लिव्हरसाठी तिथं मान्यता मिळालेलं ते पहिलंच औषध. ९६६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत मोठ्या डोसनं वर्षभरात जवळपास तीस टक्के रुग्णांच्या लिव्हरची सूज गेली, नुसती साखरेसारखी खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे सत्तर टक्क्यांना तेवढा गुण आला नाही, हेही खरं. मला त्याची गरज नव्हती. पण थायरॉइड आणि लिव्हर यांचं नातं इतकं पक्कं आहे की त्यावर औषध उभं राहिलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्याकडे २०२१ सालीच सरकारनं फॅटी लिव्हरला मधुमेह, हृदयरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलंय. 'सगळ्यांनाच असतं' म्हणून सोडून देण्याचा हा आजार असता तर घेतला असता का?

खाण्याचं म्हणाल तर मोठा बदल एकच, चहा. यार्डात ज्या पेढीवर जाल तिथं चहा येतो. मी एक आठवडा मोजले, दिवसाला आठ कप. कपाला दोन चमचे, चमचाभर साखर चार ग्रॅम, म्हणजे रोज चौसष्ट ग्रॅम. सव्वीस दिवसांच्या महिन्यात दीड किलोच्या वर साखर नुसत्या चहातून. ती बंद केली. दोन कप कोरी कॉफी ठेवली. रात्रीचा भात गेला, भडंगाचा डबा टेबलावरून हलला, उसळी वाढल्या. आणि रोज संध्याकाळी हरिपूरच्या रस्त्यानं संगमापर्यंत चालत. आधी अर्ध्यातच दम लागायचा.

हळदीबद्दलही सांगते, कारण मला सगळ्यांनी तोच सल्ला दिला, "तुमच्या घरचंच औषध, घ्या की." मी हळदीच्या अर्काच्या कॅप्सूल आणल्याही होत्या, मिरीचा अर्क घातलेल्या. शिवाय कोविडपासून गुळवेलीचा काढा चालू होता. डॉक्टर बाईंनी दोन्ही थांबवलं. भाजी-आमटीतली हळद खुशाल खा, पण मिरीच्या अर्काबरोबर एकवटलेल्या हळदीनं लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गुळवेलीनंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली होती, आणि ज्यांना माझ्यासारखा स्वतःच्याच शरीरावर उठणारा आजार आहे त्यांनी तर जपायलाच हवं. हळदीवर माझं घर चालतं, मला तिचा अभिमान आहे. पण अंदाजानं घेतलेली कॅप्सूल आणि फोडणीतली चिमूट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा फायब्रोस्कॅन झालं. कॅप ३०१ वरून २४६. एएलटी ३१. एलडीएल ११८, तेही कोलेस्टेरॉलच्या गोळीशिवाय. वजन साडेसदुसष्ट, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के कमी. मी विचारलं, यात गोळीचा वाटा किती आणि चालण्याचा किती? डॉक्टर बाई म्हणाल्या, "वेगळं काढता येणार नाही. पण गोळी नसती तर तुम्ही हरिपूरपर्यंत चालू शकला नसता."

त्या संध्याकाळी माळ्यावरून अण्णांची फाईल काढली. पिवळे पडलेले कागद, स्टेपलला गंज. १९९६ च्या एका सोनोग्राफीत लिव्हर 'ब्राइट' दिसतंय असं लिहिलेलं, म्हणजे चरबीची खूण. तेव्हा ते पन्नास वर्षांचे होते आणि सात वर्षं मधुमेह होता. त्या शब्दाला कुणी लाल पेन लावलं नव्हतं. पुढे २००२ चा कागद, प्लेटलेट ब्याऐंशी हजार. आणि निदानाच्या जागी 'क्रिप्टोजेनिक सिरॉसिस', म्हणजे कारण सापडत नाही असा. अशा कारण न सापडलेल्या सिरॉसिसमागे पुष्कळदा जुनं फॅटी लिव्हर असतं, हे मला आता कळलंय. दारू न पिणाऱ्यांचं लिव्हर दारुड्यांसारखंच दिसतं हे अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी १९८० सालीच वीस रुग्णांवरून लिहून ठेवलं होतं. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचलं नाही. २०२३ मध्ये तर या आजाराचं 'नॉन-अल्कोहोलिक फॅटी लिव्हर' हे नावच बदललं, त्यातून 'अल्कोहोल' हा शब्द काढून टाकला.

अण्णांचं थायरॉइड कधी तपासलं होतं का, ते फाईलभर शोधलं. एकही कागद नाही.

आईला सगळं वाचून दाखवलं. ती ऐकत होती, मधे काही बोलली नाही. शेवटी म्हणाली, "मला माहीतच होतं. पण हे तुझ्या मामाला वाचून दाखव." मामा आता ऐंशीचा आहे. दुसऱ्या दिवशी त्याला दाखवलं.

धाकटा भाऊ बेचाळीसचा, पोट अण्णांसारखंच सुटलेलं, साखर काठावर. वर्षभर टाळत होता. परवा, गुरुवारी, त्याला घेऊन मिरजेला जायचंय. टीएसएच, लिव्हरची एन्झाइम, प्लेटलेट आणि फायब्रोस्कॅन असं एकदमच करून घेणार आहे. सकाळी काही खाऊन यायचं नाही असं त्याला दोनदा फोन करून सांगितलंय, आणि अण्णांची फाईल मी आताच पिशवीत घालून ठेवली आहे.